ऊन तेच हाय

कडावच्या बाजूचं उन्हाळी भात पिकलं की त्याचा वास कर्जतला माझ्या खिडकीपर्यंत येतो, असं मी म्हटलं की लोक हसतात. मध्ये एवढे रस्ते, एवढ्या नव्या इमारती, रेल्वेचे रूळ. पण येतो. पावसाळी भाताचा वास ओलसर, मातकट असतो. उन्हाळी भाताचा कोरडा, लाह्या भाजल्यासारखा, नाकात किंचित टोचणारा. यंदाही आला. समोरच्या पिंपळात तांबट पक्षी एकसुरी टुक् टुक् करत होता, माथेरानचा डोंगर उन्हाच्या धुरकटपणात पुसट झाला होता, आणि मी खिडकीशी उभी राहून गेल्या वर्षीच्या वैशाखात कधी पोचले ते मला कळलंच नाही.

भात म्हणजे पावसातलं पीक, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे ते वैशाखातही कापतात. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्याने खाली येतं आणि सगळं रान करपलेलं असताना मधले पट्टे पोपटाच्या पंखांसारखे हिरवेगार दिसतात. मी त्या हिरव्या पट्ट्यातली मुलगी. लग्न होऊन कर्जतला आले, जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलं, तरी माहेर म्हणजे कडावचा कालवा हेच मनात राहिलं.

दिनूदादाने मला त्याच कालव्यात पोहायला शिकवलं. पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि ढकलून द्यायचा. पाणी इतकं गार असायचं की दात वाजायचे. वरती वैशाखाचं ऊन आणि गळ्यापर्यंत ते पाणी. काठावर आई ओरडत असायची की पोरीला मारशील रं, आणि दादा माझ्या पुढे पोहत असायचा, मान वळवून वळवून बघत. ऊन तेव्हाही होतं. तव्यासारख्या तापलेल्या बांधावरून आम्ही टाचा उचलत पळायचो. पण तेव्हा संध्याकाळ व्हायची. दिवे लागले की कालव्यावरून वारा यायचा, अंगण निवायचं, माणसं अंगणात पाय पसरून बसायची. हल्ली दिवस मावळतो, संध्याकाळ होत नाही. भिंती सकाळपर्यंत गरम असतात.

इंदूवहिनी गेली ती अशाच दिवसांत. गेल्या वर्षीच्या आधीचा वैशाख. दादाची शेती कालव्याच्या दोन्ही अंगांना. मोठ्या खाचरांत कापणीचं यंत्र येऊन गेलं होतं. एक चिंचोळा तुकडा उरला होता, तिथे यंत्र वळत नाही. दुपारी डोंगरामागून ढग वर आले. वळीव आला तर दाणा भिजणार, म्हणून दादाने वहिनीला आणि शेजारच्या दोन बायकांना तेवढा तुकडा कापून घ्यायला सांगितलं आणि स्वतः वाळत घातलेलं भात गोळा करायला खळ्यात गेला. वहिनीचं डोकं सकाळपासून दुखत होतं. तिने कपाळाला ओढणी आवळून बांधली आणि विळा घेऊन गेली.

बरोबरच्या बायका नंतर सांगत होत्या, की ती मध्येच आंब्याखाली येऊन बसली आणि मला थंडी वाजते म्हणाली. त्या हसल्या. त्यांना वाटलं चेष्टा करते. अंगाला हात लावला तर घामाचा थेंब नाही आणि कातडी चुलीजवळ धरल्यासारखी. दादाने टेंपो काढला. कर्जतच्या दवाखान्यात मी धावत गेले तेव्हा तिला माणसं ओळखू येत नव्हती. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. वळीव आलाच नाही. ढग आले तसे पळसदरीकडे निघून गेले.

दादाने डॉक्टरांचं ऐकून घेतलं, पण ते मानलं नाही. येईल त्याला तो सांगायचा की तिला बीपी होतं, हृदयाचं काहीतरी असणार. आम्ही कोणी वाद घातला नाही. दुःखातल्या माणसाला कारणाची निवड असू द्यावी, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पण त्याची मुलगी रेश्मा तिकडे खोपोलीला होती. तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती काम करते. महिन्याभराने तिने फेसबुकवर आईबद्दल लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. तिची मराठी मीच घडवलेली. माझी आई उन्हाने मारली, आणि हे ऊन माझ्या लहानपणचं ऊन नाही, असं त्यात होतं. जगभर काय चाललंय, धूर कोण सोडतं आणि भाजतं कोण, हेही होतं. खूप लोकांनी वाचलं, पुढे पाठवलं.

दादानेही वाचलं. तोपर्यंत त्याच्या पानावर रेडकांचे फोटो, सकाळचा नमस्कार आणि गावच्या पालखीची चित्रं असायची. त्यानंतर दुसरंच काही यायला लागलं. पूर्वी यापेक्षा जास्त ऊन पडायचं असं सांगणारी चित्रं. हवामान बदल हे थोतांड आहे, परदेशी कंपन्यांचं कारस्थान आहे. उष्माघात नावाचा आजारच नाही, औषधं खपवायला काढलाय. हे सगळं त्याला कुठून कुठून येत होतं आणि तो पुढे ढकलत होता. माणूस लोकांच्या ओळखीचा, बोलण्याला वजन असलेला. दिनूभाऊ म्हणतात म्हणजे असेल, असं म्हणत आजूबाजूच्या गावांतली माणसं ते आणखी पुढे पाठवत.

रेश्माने फोनवर त्याला विचारलं, त्यावरून शब्दाला शब्द वाढला. आईच्या मरणाला तुम्ही काहीच झालं नाही असं म्हणताय, असं ती म्हणाली. त्याने फोन ठेवला. मग बाप-लेकीचं बोलणं थांबलं. कडाव आणि खोपोलीमध्ये अंतर ते केवढं. पण सणवार गेले आणि ती आली नाही.

गेल्या वर्षीच्या चैत्राच्या शेवटी तन्वी माझ्याकडे आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता पुण्यात संगणकावर संशोधन करते. तिचं काम तिने मला समजावून सांगितलं. समाजमाध्यमांवर हवामानाविषयी जे खोटं पसरतं, ते ओळखायला त्यांचा गट मशीनला शिकवत होता. आधी माणसांनी पुष्कळ मजकूर वाचून प्रत्येकावर खूण करायची. त्या खुणांवरून मशीन हळूहळू स्वतः ओळखायला लागतं. मग ते लाखो मजकुरांतून संशयाचे वेचून काढतं, माहिती तपासणारी माणसं ते पडताळून पाहतात, आणि चुकीचं निघालं तर त्याखाली तशी टीप लागते.

"मॅडम, आमच्या मशीनला मराठी वाचता येतं, पण टोमणा कळत नाही," तन्वी म्हणाली. "त्यासाठी तुम्ही हव्यात."

मला गंमत वाटली. निवृत्तीनंतरच्या दुपारी तशाही लांबत होत्या. खिडकीला ओलं धोतर बांधायचं, पंखा पूर्ण सोडायचा आणि लॅपटॉप उघडून बसायचं. खरं, खोटं, अर्धवट, नुसतं मत, थट्टा. यांतली एक खूण करायची. 'काय हा गारवा, स्वेटर काढा रे कपाटातून,' असं कोणी वैशाखात लिहिलं होतं आणि मशीनला तो माणूस खरंच गारठला आहे असं वाटलं होतं. मी थट्टा अशी खूण केली आणि एकटीच हसले. कोणी लिहिलं होतं की पवनचक्क्या पाऊस अडवतात. कोणी, की विमानांतून पावडर टाकून ढग पळवतात. नावं, गावं काढून टाकलेली असत. नुसती भाषा उरे, आणि तीवरून मला माणूस दिसू लागे. हा देशावरचा. ही मुंबईत वाढलेली. हा मास्तर असणार, पूर्णविराम विसरत नाही. बाहेर दार वाजवून ठाकरीण बाई करवंदं घेऊन येई, मी पळसाच्या पानातली मूठभर करवंदं घेऊन परत बसे आणि काळ्या पडलेल्या बोटांनी खुणा करत राही. सुखाचेच दिवस होते ते, असं म्हणायला हवं.

मग एका दुपारी समोर आलं:

'आमच्या आयच्या टायमालाबी बैलांच्या जिभा भायेर येत व्हत्या. ऊन तेच हाय. माझी बायको शेतात गेली, तिची येळ आली व्हती. उन्हावर खापर फोडू नका. ऊन वाढलं बिढलं काय नाय.'

नाव नव्हतं. गाव नव्हतं. लॅपटॉपवर दादाचा आवाज होता.

मी तन्वीला फोन केला. ओळखीच्या माणसाचं आलंय, काय करू, असं विचारलं. ती म्हणाली, नको वाटत असेल तर सोडून द्या, दुसरं कोणी बघेल. मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ त्या ओळींकडे बघत राहिले. दुसरं कोणी म्हणजे कोण? मुंबईतली एखादी मुलगी, तिला ते बैल दिसणार नाहीत. मला दिसत होते. आमचेच बैल होते ते, ढवळ्या आणि मोऱ्या, आणि त्यांना घेऊन दादाच कालव्यावर जायचा. तेवढं खरं होतं. पुढचं खरं नव्हतं. मी 'खोटं' अशी खूण केली. लॅपटॉप मिटला, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. टाकीतलं पाणीही गरम होतं.

त्या वैशाखाच्या अखेरीस मशीन बऱ्यापैकी शिकलं होतं आणि त्यांनी ते ताज्या मजकुरावर लावून पाहिलं. दादाने जुन्या वर्तमानपत्राचं म्हणून एक कात्रण टाकलं होतं, पूर्वीच्या भयंकर उन्हाच्या बातमीचं. ते खूप फिरलं होतं. मशीनने वेचलं, माणसांनी तपासलं. कात्रण बनावट होतं. त्याच्या चित्राखाली टीप आली की ही माहिती दिशाभूल करणारी आहे. रेश्माने त्या टिपेचा फोटो काढून बापाला पाठवला. सोबत एवढंच लिहिलं, आता तरी माना.

दादाचा मला फोन आला. सवड असली तर ये जरा, म्हणाला.

मी गेले तेव्हा उन्हं उतरली होती. खळ्यात नवा पेंढा रचला होता, त्यावर बुलबुल दाणे टिपत होते. कुठेतरी पावसाळी रोपांच्या जागेवर राब भाजत होते, त्याचा धूर जमिनीलगत पसरलेला. दादा म्हशीला धूत होता. त्याने हात पुसले, खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला.

"वाच," तो म्हणाला.

त्याला वाचता येतं. रोज पेपर वाचतो. पण मी वाचलं. माहिती दिशाभूल करणारी आहे, कात्रण बनावट आहे. टिपेत पुढेही काही होतं. उन्हाळे खरोखर तापत चालले आहेत, रात्रीसुद्धा उष्मा उतरत नाही, म्हणून उन्हात राबणाऱ्याच्या शरीराला निवायला वेळ मिळत नाही. तेही त्याने वाचायला लावलं. मग विचारलं, हे ठरवतं कोण?

मी सगळं सांगितलं. मशीन कसं शिकतं, माणसं कशी तपासतात. मशीनला शिकवणाऱ्यांत मीही आहे, हेही सांगितलं. तुझं लिहिणं एकदा माझ्यापुढे आलं होतं आणि मी त्यावर खोटं अशी खूण केली, असंही. तो रागावेल असं वाटलं होतं. तो म्हशीच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिला.

"म्हंजे ऊन वाढलंय, ह्ये खरं."

"हो, दादा."

"मंग मी तिला त्या उन्हात धाडली, ह्ये बी खरं."

मी म्हणाले की तुला कुठे ठाऊक होतं. हे वाक्य बोलायला सोपं होतं, म्हणूनच ते तोंडात आलं असावं.

"नव्हतं ठाऊक. पन डोकं दुकतंय म्हनाली व्हती ती." त्याने बादलीतलं उरलेलं पाणी म्हशीच्या पायांवर ओतलं. "ऊन तेच हाय म्हनलं, की घास उतरतो गं, सुमे. नायतर उतरत नाय."

त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण आमच्या घरात तशी सवय नाही. मी पेंढ्याच्या कडेला बसून राहिले. थोड्या वेळाने त्याने म्हैस बांधली आणि आत जाऊन चहा टाकला. दोघांचा चहा तो फार गोड करतो हल्ली. वहिनी त्याला साखर घालू द्यायची नाही.

टेंपोने परत येताना मी विचार करत होते. इतके दिवस मला वाटत होतं, माझा भाऊ कोणातरी फसव्या लोकांच्या नादी लागला. लबाडांनी बनवलेलं कात्रण त्याने खरं मानलं. पण त्याला कोणी फसवलं नव्हतं. पाण्यात बुडणारा हाताला येईल ते धरतो, तसं त्याने ते धरलं होतं, आणि धरलेलं काय आहे हे त्याला आतून कळत असावं. मशीन बरोबर होतं. तपासणारे बरोबर होते. रेश्मा बरोबर होती, मी बरोबर होते. एवढ्या बरोबर माणसांच्या मध्ये तो एकटा बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी खोपोलीला गेले. रेश्मा कैऱ्या किसत होती. तिला मी दादाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, कारण त्यात माझं एक अक्षर मिसळण्याची माझी हिंमत नव्हती. ती किसणी तशीच धरून भिंतीला टेकली.

"आत्या, मला वाटलं त्यांना आईचं काहीच नाही," ती म्हणाली.

मग रडली. लहान मुलीसारखी नाही. कुणाला ऐकू जाऊ नये असं, मोठ्या बायका रडतात तसं.

त्या आठवड्यात ती माझ्याबरोबर कडावला आली. दादाने पानावरचं ते सगळं तोवर काढून टाकलं होतं. रेडकाच्या फोटोपाशी त्याचं लिहिणं संपत होतं. लेकीला बघून तो उठला, कधी निघालीस विचारलं, पाणी आणायला आत गेला आणि बराच वेळ आतच राहिला. जेवणं झाली. भांडी घासून आल्यावर रेश्मा त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, तुमचा दोष नाही."

"मंग कोनाचा, पोरी?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

रेश्माकडे उत्तरं होती. तिने ती आपल्या लेखात लिहिली होती, धुराडी, गाड्या, दूरदूरचे देश. मी वाचली होती, पटलीही होती. पण त्या पडवीत, त्याच्या चेहऱ्याकडे बघून, तिने ती तशीच बाजूला ठेवली. ती उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. दोघंही समोर बघत होते. माझ्या पाहण्यात तेवढंच त्यांचं मिटणं.

आता ती येते अधूनमधून. बोलतात दोघं, म्हशीचं, विजेच्या बिलाचं, तिच्या सासूच्या गुडघ्यांचं. उन्हाचं कोणी बोलत नाही. एकदा ती मला म्हणाली की भांडत होतो तेव्हा बाबा जास्त जिवंत होते. मला ते उगाच बोललेलं वाटलं नाही. थोतांड म्हणून त्वेषाने लिहिणारा माणूस निदान कशाशी तरी झगडत होता. आता त्याला सगळं मान्य आहे.

तन्वीने परवा कळवलं की मशीन चांगलं तयार झालंय, टोमणेसुद्धा पुष्कळसे ओळखतं. यंदाही काम कराल का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. खोटं ते खोटंच, आणि ते पसरल्याने दुसऱ्या कोणाची इंदू भर दुपारी रानात जात असेल, तर ते पकडायलाच हवं. त्याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती, आताही नाही. फक्त आता एखाद्याचं लिहिणं आलं की खूण केल्यावर मी लगेच पुढचं उघडत नाही. कोण असेल, कोणाला पोचवून आला असेल, असा विचार मनात येतो. मशीनला ते शिकवता येणार नाही, आणि त्याने ते शिकावं असं मला वाटतही नाही. मशीनच्या कामाला त्याने उशीर होईल.

काल कडावला गेले होते. कालव्याला पाणी आहे, सगळीकडे कापणी चालू आहे, आणि दादाची खाचरं तेवढी उघडी पडलीत. यंदा त्याने उन्हाळी भात केलंच नाही. ढेकळांना भेगा गेल्यात. घरी तो नव्हता. शेजारच्या बाईने सांगितलं की दिनूभाऊ असतील रानात, दुपारचे तिकडेच असतात.

मी छत्री उघडून बांधावरून गेले. लांबून दिसला. दुसऱ्याच्या शेताच्या कडेला, हातात पाण्याचा कॅन घेऊन उभा होता. आत तीन बायका कापत होत्या. तो काही ओरडत नव्हता, नुसता उभा होता. त्यांतली एक वयस्क बाई त्याला बघून उठली, कंबर धरून आंब्याकडे चालू लागली. दुसरीही उठली. तिसरी नवी सून असावी, तिला हा कोण म्हातारा हे ठाऊक नव्हतं. ती कापतच राहिली. दादा खाचरात उतरला, तिच्यापाशी गेला.

"ऊट गं बाय," तो म्हणाला. "ऊन वाईट हाय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग विळा ठेवून उठली. तिघी सावलीत बसल्या, त्याने एकेकीच्या ओंजळीत पाणी ओतलं, आणि परत बांधावर येऊन उभा राहिला. आंब्याखाली जागा भरपूर होती. मी जवळ जाऊन छत्री त्याच्या डोक्यावर धरली. त्याने हळूच माझा हात बाजूला केला.

"तू सावलीला जा, सुमे," तो म्हणाला.